मुंबईची पेटी

आमच्या उपनगरात 'इटालियन' या शब्दाला फार वजन आहे. नव्या इमारतीच्या जाहिरातीत दिवाणखान्यातली फरशी इटालियन असते, स्वयंपाकघर इटालियन असतं, न्हाणीघरातले नळसुद्धा इटालियन असतात. पाणी तेवढं महापालिकेचं असतं, आणि ते आपल्या वेळेला येतं. आमच्या मुलुंडच्या सोसायटीखाली उभा राहणारा सँडविचवाला पावाच्या तुकड्यांवर कसली तरी हिरवी पूड भुरभुरवतो आणि 'इटालियन मसाला' म्हणून जास्तीचे पैसे घेतो. तेव्हा दिवाणखान्यात खणांचं एक देखणं कपाट हवं असं आमच्या सौभाग्यवतींच्या मनात आलं, तेव्हा ते कुठल्या देशाचं असणार याविषयी मला शंका नव्हती.

खरं म्हणजे आम्हा मध्यमवर्गीयांचा फर्निचरशी संबंध अगदी अलीकडचा. माझं बालपण दोन खोल्यांत गेलं. तिथे फर्निचर म्हणजे जे घडी करून भिंतीला टेकवता येतं ते. न घडी होणारी वस्तू एकच, लोखंडी खाट. आणि तिच्या पोटात चार ट्रंका, पापडाचा डबा, हार्मोनियमची पेटी आणि परीक्षेच्या दिवसांत मी, असा संसार असायचा. पुढे पोलादी कपाट आलं. त्यावरून घराची पत ठरू लागली. मग काचेचं शोकेस आलं आणि त्यात ताजमहाल आला. पण वस्तू ठेवायचं कपाट हीच बघायची वस्तू असते, ही कल्पना मात्र आमच्या घरी पन्नाशीनंतर पोचली.

तर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरच्या सर्व खड्ड्यांशी ओळख करून घेत आम्ही ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात गेलो. पश्चिम रेल्वेच्या राम मंदिर स्थानकापासून हा बाजार फार लांब नाही. जुनं लाकूड सोलून नवं करणारे आणि नवं लाकूड मळवून जुनं करणारे, असे दोन्ही कारागीर इथे शेजारी शेजारी बसतात. हवेत स्पिरिट, लाख आणि भुसा यांचा असा दर्प की नुसता श्वास घेतला तरी माणसाला पॉलिश झाल्यासारखं वाटावं. आगीचं भय इथे कायम. २०२५ च्या फेब्रुवारीत लागलेली आग तर मोठीच होती. पण रंधे पुन्हा चालू होतात.

तिथे एका दुकानात ते कपाट उभं होतं. चार सरळ निमुळते पाय, तीन खण, आणि दर्शनी बाजूवर लाकडातच लाकूड बसवून काढलेली फुलं, वेली आणि एक गुबगुबीत कलश.

"अँटिक है भाभीजी. इटालियन," दुकानदार म्हणाला.

"किती जुनं?" मी विचारलं.

"जितना पुराना बोलोगे, उतना कर देंगे."

इतक्या सरळ मनाचा दुकानदार मला पूर्वी भेटला नव्हता. किंमत ऐकून आम्ही 'घरी विचारून सांगतो' म्हणालो. वास्तविक घरातले सगळे निर्णय घेणारी व्यक्ती माझ्या शेजारीच उभी होती. पण ती फुलं काही डोक्यातून जाईनात. लाकडात लाकूड बसवायचं हे खूळ मुळात कोणाचं, या चौकशीला मी लागलो. निवृत्त माणसाच्या चौकशीला अंत नसतो. ती इटलीपर्यंत गेली, आणि मग उलट फिरून थेट मुंबईत आली.

त्या कपाटाच्या मूळ पुरुषाचं नाव जुझेप्पे माज्जोलीनी. जन्म १७३८. योगायोग असा की त्याच वर्षी दक्षिण इटलीत हर्क्युलेनियम या गाडल्या गेलेल्या रोमन शहराचं उत्खनन सुरू झालं, आणि दहा वर्षांनी पॉम्पेचं. राखेखालून दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिंती, कलश, माळा बाहेर आल्या आणि युरोपातल्या शौकिनांना आपापल्या घरातल्या फर्निचरची एकाएकी लाज वाटू लागली. तोवरच्या खुर्च्या-कपाटांचे पाय माझ्या हस्ताक्षरासारखे होते. सरळ म्हणून जायचे नाहीत. पोटं फुगलेली, कडा लाटांसारख्या. आता सगळं ताठ झालं. पाय सरळ, कोपरे काटकोनात, दर्शनी फळी सपाट. या पद्धतीला निओक्लासिकल, म्हणजे नव-अभिजात, असं नाव आहे.

जडावकाम करणाऱ्याला ही ताठर फॅशन पर्वणीच ठरली. फुगलेल्या पोटावर चित्र बसवणं म्हणजे मडक्यावर कागदाची घडी चिकटवण्यासारखं. कुठेतरी सुरकुती पडतेच. सपाट फळी मिळाली की सुताराला कॅनव्हास मिळाला.

हा माज्जोलीनी राहायचा पाराबियागो या गावी. मिलानपासून अंतर वीस-बावीस किलोमीटर. म्हणजे चर्चगेट ते अंधेरी! आज त्या गावाला मिलानची उपनगरी गाडीसुद्धा जाते. हे वाचल्यावर मला त्या माणसाविषयी एकदम घरचा जिव्हाळा वाटू लागला. युरोपातला एवढा मोठा कारागीर, पण राहणार उपनगरात! गावातल्या मठात तो सुतारकाम शिकला. लेवाती नावाच्या चित्रकाराने त्याचं काम पाहिलं आणि लित्ता या बड्या उमरावासाठी एक कपाट करायला दिलं. तिथून नाव झालं. १७७१ साली ऑस्ट्रियाच्या महाराणीचा मुलगा फर्डिनंड याचं मिलानमध्ये लग्न लागलं आणि तो तिथे राज्यकारभार पाहू लागला. माज्जोलीनीला राजाश्रय मिळाला. पण दुकान मोठं झालं तरी कारखाना पाराबियागोतच. जागांचे भाव त्या काळीही असेच असावेत. १७९६ मध्ये नेपोलियनच्या फौजा आल्या आणि आश्रयदाते पळाले. तरी तो टिकून राहिला, नव्या राज्यकर्त्यांचंही काम त्याने केलं. १८१४ मध्ये तो त्याच गावी वारला.

त्याची रीत अशी. आधी चित्रकाराकडून चित्र घ्यायचं. मग त्यातला प्रत्येक तुकडा, एकेक पाकळी, एकेक पान, वेगवेगळ्या रंगाच्या पातळ लाकडातून कापायचा आणि शेजाऱ्याला शेजारी अशा रीतीने बसवायचा की मध्ये नखही शिरू नये. याला तिकडे इंटार्सिया म्हणतात. माज्जोलीनी ऐंशीच्या वर जातींची लाकडं वापरायचा असं सांगतात. रंगाच्या डब्याऐवजी लाकडाची वखार! पिवळं हवं तर पिवळं लाकूड शोधायचं. आणि सावली? पानाच्या कडेला जी किंचित काळसर छटा लागते, तिच्यासाठी युरोपातले हे कारागीर लाकडाच्या तुकड्याची कड तापलेल्या वाळूत खुपसायचे. जास्त वेळ धरलं तर कोळसा, कमी धरलं तर छटाच नाही. आपला फुटाणेवाला हेच शास्त्र जाणतो. फक्त त्याची कलाकृती आपण लगेच खाऊन टाकतो.

इथवर येऊन थांबलो असतो तर 'इटालियन ते इटालियनच' असं म्हणत आणखी एक मध्यमवर्गीय सुखाने झोपला असता. पण जडावकामाच्या पुस्तकांत पानं उलटताना एक शब्द वारंवार आडवा येऊ लागला, 'बॉम्बे बॉक्स'. म्हणजे मुंबईची पेटी.

आता मुंबईत पेटी या शब्दाचे अर्थ मला दोनच ठाऊक होते. भजनात वाजते ती एक, आणि जागेचे दलाल लाखाला पेटी म्हणतात ती दुसरी. पहिली वाजवता येत नाही, आणि दुसरी ऐकली की माझंच वाजतं. ही तिसरी पेटी निघाली ती अशी, की एके काळी विलायतेतल्या बायका शिवणाचं सामान, पत्रं, हातमोजे, पत्ते ठेवायला ती मागून घ्यायच्या, आणि तिच्या अंगभर तांदळाएवढ्या नक्षीची बारीक फुलं असायची. १८५१ च्या लंडनच्या त्या गाजलेल्या महाप्रदर्शनात ती होती. त्या कामाला इकडे नाव आहे सादेली.

तिची नोंद नीट करून ठेवली ती जॉर्ज बर्डवूड या गृहस्थाने. हा बेळगावात जन्मलेला, १८३२ सालचा. पेशाने डॉक्टर, पण मुंबईत येऊन रोग्यांपेक्षा राणीची बाग आणि संग्रहालय यांच्याच प्रकृतीकडे याचं जास्त लक्ष. १८८० मध्ये त्याने हिंदुस्थानातल्या हस्तकलांवर मोठा ग्रंथ लिहिला. माणूस विक्षिप्त. पुढे १९१० मध्ये त्याने लंडनच्या भरसभेत बुद्धाच्या एका शांत मूर्तीची तुलना उकडलेल्या पुडिंगशी केली आणि विद्वानांचा रोष ओढवून घेतला. मूर्तिकाराला नावं ठेवणारा हा साहेब आपल्या सुतारांपुढे मात्र नम्र व्हायचा. पेट्यांवरच्या नक्षीच्या जातींची नावंसुद्धा त्याने टिपून ठेवली आहेत: चक्करगुल, तिनकोनिया गुल... जणू एखाद्या माळणीची टोपली.

ही कला कुठून आली, तर इराणातल्या शिराझहून सिंधमध्ये, सिंधहून सुरतेला आणि सुरतेहून मुंबईला. इराणात तिला खातम म्हणतात आणि ती आजही जिवंत आहे. सुरतेहून मुंबईला येणं हे तर सगळ्यांनीच केलं. ईस्ट इंडिया कंपनीने १६८७ मध्ये आपलं मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला हलवलं. मागोमाग व्यापारी आले, जहाज बांधणारे आले, पुढे पेट्या करणारेही आले. त्यांत पारशी कारागीर पुढे होते. पारशांत 'पेटीगरा' असं आडनाव असतं. मला आजवर ते नुसतंच मजेशीर वाटायचं. पेटीगरा म्हणजे पेटी करणारा. घरात करवत उरली नाही तरी धंदा आडनावाला चिकटून राहतो. आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या अर्ज खरडण्याचा धंदा आहे, पण आडनावात तो उतरलेला नाही, ही देवाचीच कृपा.

जडावकाम इकडे तसं परकं नव्हतंच. गोव्यात सतराव्या शतकात सागवानात शिसवी नि आबनुशी लाकूड आणि हस्तिदंत बसवून भल्याथोरल्या खणांच्या कपाटांवर नक्षी होत होती, आणि त्या कपाटांना पायांच्या जागी नागिणी कोरलेल्या असायच्या. पण सादेलीची तऱ्हा सगळ्यांहून निराळी. माज्जोलीनी एकेक पाकळी कापून बसवायचा. आमचा पेटीगरा फूल कापतच नाही. तो फुलाची कांडी तयार करतो.

हे कळायला अळूवडी आठवावी. अळूची पानं एकावर एक ठेवून, मध्ये पीठ सारवून, आपण गुंडाळी करतो. बाहेरून नुसती हिरवी वळकटी. पण सुरीने आडवा काप काढला की आत चक्र दिसतं, आणि जितके काप काढावे तितकी तीच चक्रं. सादेलीचं तंत्र हेच. आबनुसाची काळी काडी, पतंगाच्या लाकडाची तांबडी, चंदनाची बदामी, हस्तिदंताची एक पांढरी नि एक हिरवी रंगवलेली, सांबरशिंगाची करडी, आणि मध्ये कथलाची चकचकीत तार. काड्या कानशीने घासून बहुधा तीनधारी करायच्या, म्हणजे एकमेकींना बिलगून बसतात. मग हिशेबाने त्यांचं जुडगं रचायचं, सरसाने चिकटवायचं, दोऱ्याने आवळून वाळू द्यायचं. वाळलं की बारीक दात्यांच्या करवतीने आडवे काप. प्रत्येक कापावर तेच फूल. ते काप पेटीच्या अंगावर शेजारी शेजारी चिकटवायचे, कडेने हस्तिदंताची पट्टी द्यायची, घासून गुळगुळीत करायचं. एका काडीचा कोन चुकला तर एक फूल बिघडत नाही. त्या जुडग्यातली सगळीच बिघडतात. अळूवडी फसली तर निदान आमटीत टाकता येते.

पेटी बहुधा चंदनाची, म्हणजे झाकण उघडलं की लंडनच्या धुक्यात दक्षिणेतल्या रानाचा वास. इंग्लंडात केंट परगण्यातल्या कारागिरांनीही एकोणिसाव्या शतकात अशाच काड्यांच्या जुडग्याचे काप करून पेट्या विकल्या. त्या मात्र नुसत्या लाकडाच्या. हिरव्या हस्तिदंताची नि कथलाची चमक त्यांच्यात नव्हती.

मग हे सगळं गेलं कुठे? पहिलं कारण फॅशन. शिवणाच्या पेटीचा शौक आजीबरोबर संपतो; नातीला ती अडगळ वाटते. विसाव्या शतकात मागणी आटली. दुसरं, हस्तिदंत. भारतात त्याच्या व्यापारावर १९८६ मध्ये बंदी आली आणि १९९१ मध्ये आफ्रिकेतून येणाऱ्या दातांवरही. ही बंदी योग्यच. कोणाच्या तरी हातमोज्यांच्या पेटीवर फुलं यावीत म्हणून हत्तीने जीव द्यावा, असा कुठल्याही कलेचा हट्ट असू नये. आणि तिसरं कारण आमच्याच घरात भिंतीला लागून उभं आहे. त्याचं नाव प्लायवुड, वरून सनमायका. त्यावर लाकडाच्या रेषा छापून मिळतात, जडावाची फुलंसुद्धा छापून मिळतात; शिवाय ओल्या फडक्याने पुसता येतात. सुरतेत थोडे कारागीर अजून सादेली करतात, हस्तिदंताविना. पण ज्या शहराचं नाव त्या पेटीला आहे, त्या शहरात ती कोणाकडे बघितल्याचं मला तरी आठवत नाही. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत माझे भरपूर नातेवाईक आहेत, आणि त्यांच्याकडच्या सर्व शोकेसांतले सर्व ताजमहाल मी बघितलेले आहेत. मुंबईची पेटी बघायची तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जावं. तिकडे ती जपून ठेवलेली आहे.

गंमत म्हणजे राणीच्या बागेच्या दारातल्या आपल्या संग्रहालयाचं नावही एके काळी तेच होतं. ते १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं, बर्डवूड त्याच्या उभारणीत होता, आणि १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव मिळालं. संग्रहालयाला माणसाचं नाव मिळालं हे उत्तमच झालं. मला रुखरुख आहे ती पेटीला माणसाचं नाव मिळालं नाही याची.

कारण इटलीत त्या तऱ्हेच्या कपाटाला आजही लोक नुसतं 'माज्जोलीनी' म्हणतात. त्याने सही फार थोड्या वस्तूंवर केली, पण कारखान्यातली चित्रं जपून ठेवली, आणि ती आज मिलानच्या किल्ल्यातल्या संग्रहात आहेत. कागद राहिला म्हणून नाव राहिलं. आपल्या पेट्यांवर करणाऱ्याचं नाव असलंच तर क्वचित. लिलावाच्या यादीत लाकडाची जात येते, दशक येतं, कुलुपाची चांदी येते. करणाऱ्याच्या जागी येतं 'बॉम्बे'. जणू काही या शहरानेच रात्री बसून काड्या घासल्या.

शेवटी कपाट आमच्याकडे घरीच केलं. ओशिवऱ्यातच काम केलेला एक मिस्त्री आला. गोरखपूरकडचा, साठीचा. आठ दिवस त्याने हॉलचा कारखाना केला आणि सौभाग्यवतींनी मौनव्रत धरलं. सनमायकाच होता. पण दोन पट्ट्या जोडताना त्यावरच्या छापील रेषा एकमेकींना अचूक मिळाव्यात म्हणून हा बाबा अर्धा तास खपला. जोड बसल्यावर त्याने डोळे मिटले आणि बोटाचं टोक त्यावरून हळूच फिरवलं. बोट कुठे अडखळलं नाही. मग माझं बोट धरून फिरवलं. माझंही अडखळलं नाही. "अब ढूँढ के दिखाओ," तो म्हणाला.

कामाचे पैसे दिल्यावर मी त्याला म्हटलं, "मिस्त्री, नाव काय तुमचं? आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा."

"नाम का क्या करेंगे साहब," तो हसत म्हणाला, "नंबर ले लो."

मी नंबर घेतला. माझ्या फोनमध्ये 'सुतार', 'सुतार नवा' आणि 'सुतार येत नाही' अशी तीन नावं आधीच होती. या वेळी मात्र हट्टाने त्याचं पूर्ण नाव विचारून, काना-मात्रेसकट टिपून ठेवलं, आणि तळाच्या खणाच्या पाठीमागे त्याच्याच हाताने लिहून घेतलं. तो खण काढून बघायला कोणी येणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण दोनशे वर्षांनी कुणी आलंच, तर त्याला तिथे नुसतं 'मुलुंड' असं सापडू नये.